आठवा दोर

"एकटेच का, राजा?" चहाच्या दुकानातल्या बाईने विचारलं आणि उत्तराआधीच समोरची दुसरी कपबशी उचलून नेली.

"एकटाच," सिरिल ऑडलिंग म्हणाले. निदान ते बसेपर्यंत तरी बशी राहू द्यायची!

लिंकन शहरातल्या त्या जीवघेण्या चढावरून उतरताना पाय भरून आले म्हणून ते आत शिरले होते. सकाळी किल्ल्याच्या तटावरून फिरले, कॅथेड्रलमध्ये मान अवघडेपर्यंत कमानी पाहिल्या, रोमन वेशीखालून उगाचच दोनदा गेले. पण कशातही लक्ष लागेना.

"काय काय पाहिलंत मग?" बाईने चहा ठेवत विचारलं.

"किल्ला, कॅथेड्रल. सगळे पाहतात तेच."

त्यांना पाहायचं काहीच नव्हतं. ते आले होते चढाच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा चर्चमध्ये घंटा वाजवायला. आमच्याकडे इंग्लंडात रीतच आहे तशी. घंटा वाजवणारा माणूस सरावाच्या वेळी कुठल्याही परक्या चर्चच्या मनोऱ्यात जाऊन उभा राहिला, की त्याच्या हाती दोर देतात. नाव-गाव नंतर विचारतात.

सिरिलनी जन्मभर गावात पाव भाजले आणि जन्मभर गावातल्या घंटा वाजवल्या. बायको नोरा गेली, बेकरी विकली, राहिला तो मनोरा. आठवड्यातून दोनदा कुणीतरी त्यांना नावाने हाक मारायचं ते तिथेच. पण गेल्या नाताळापासून काहीतरी बिनसलं होतं. "सिरिल, आज तुम्ही बसा, दमला असाल." "सिरिल, आज नव्या मुलीला शिकवायचंय." हसून बोलायचे सगळे, पण दोर काही हाती यायचा नाही. का, ते कुणी तोंडावर सांगेल तर शपथ! आमच्या लोकांना खरं बोलण्यापेक्षा हवापाण्यावर बोलणं सोपं जातं. म्हणून ते इथे आले होते. परक्यांना आपली भीड नसते, आपल्यात काही खोट असली तर ते तरी सांगतील.

संध्याकाळी त्या लहानशा चर्चच्या मनोऱ्याचा जिना चढून ते वर गेले. मनोऱ्याचे प्रमुख जाइल्स पिंडर लगबगीने पुढे आले.

"अहो, देवासारखे आलात! सातच जण आहोत. घ्या, तो आठवा दोर घ्या."

सिरिलनी कोट काढला. दोर हाती आला आणि अंगात जीव आला. वर घंटा वळली, हात आपसूक वर गेले, खाली आले. एकामागे एक आठ घंटा, जिची तिची पाळी. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. जाइल्सनी "थांबा" म्हटलं तेव्हा सिरिलचा चेहरा लाल झाला होता.

"मजा आली!" ते म्हणाले.

कुणी वर बघेना. एक जण खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती.

"छान, छान," जाइल्स म्हणाले. "आमची ही घंटा जरा खोडकरच आहे हो. नव्या माणसाला दगा देते."

गावच्या मनोऱ्याचे प्रमुख असताना हेच वाक्य सिरिलनी स्वतः किती म्हाताऱ्यांना पाठीवर हात ठेवून ऐकवलं होतं! घंटा कधीच खोडकर नसते.

शेजारच्या दोरापाशी एक उंच, करड्या केसांची बाई उभी होती. एनिड तिचं नाव. सिरिल तिच्याकडे वळले.

"बाई, तुम्ही सांगा. खरंच खोडकर आहे का घंटा?"

"एनिड, चहाचं बघतेस का जरा?" जाइल्स घाईने म्हणाले.

"चहा कुठे पळून जात नाही." एनिडने चष्मा काढून पुसला. "घंटेत काही खोट नाही. तुमचा ठोका दर वेळी पाळीआधीच माझ्या घंटेच्या ठोक्यावर पडत होता. तुम्हाला तुमची घंटा ऐकू येत नाही, हो ना?"

"मला तर सगळं नीट ऐकू येत होतं."

"येत असतं, तर थांबला असतात."

"कधीपासून असेल हे?"

"ते तुमच्या गावच्यांना विचारा. त्यांना ठाऊक असणार."

असणारच. सिरिलना एकदम रडूच फुटेलसं वाटलं. राग आला तो गावच्यांचा, या बाईचा नाही.

"उपकार झाले तुमचे," ते म्हणाले. खरंच झाले होते.

"अहो, जाण्याआधी आणखी एकदा वाजवा की," जाइल्स ओशाळून म्हणाले.

"नको. तुम्ही वाजवा."

त्यांनी आठव्या दोराची नीट वेटोळी केली, खुंटीला अडकवली, कोट घातला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरले.

ते फाटकापाशी पोचले तोच वर सात घंटा सुरू झाल्या. रस्त्यावरून जाणारी एक प्रवासी बाई छत्री मिटत थांबली.

"लग्न आहे का हो आत?" तिने विचारलं.

"अं?"

"लग्न आहे का?" ती मोठ्याने म्हणाली.

"नाही, सराव चाललाय."

"किती सुरेख वाजतायत!"

सिरिलनी कान दिला. बराच वेळ दिला. मघाशी वाजत होत्या तशाच त्यांना आताही ऐकू येत होत्या.

"हो," ते म्हणाले, "आता बरोबर वाजत असणार."