दुखऱ्या पायावर

अकोटच्या अंगणवाडी सेविका भागीरथाबाई मागच्या महिन्यात नातवाला कडेवर घेऊन जिना उतरत होत्या. गुडघा एकाएकी लचकला आणि त्या पडल्या. बाळ वाचलं, पण तेव्हापासून पायरी दिसली की त्यांना घाम फुटायचा.

अकोल्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या वाटीमागची कूर्चेची गादी झिजल्याचं सांगून त्यांना फिजिओथेरपीला पाठवलं. मांडीचे व्यायाम त्या निमूट करायच्या. आज मात्र फिजिओथेरपिस्ट साधनाताईंनी त्यांना वीतभर उंच लाकडी पायरीवर उभं केलं.

"दुखऱ्या पायावर भार ठेवा आणि दुसरा हळूच खाली टेकवा."

"मी पडीन, मॅडम. मले नाई जमत."

"मी आहे ना धरायला."

भागीरथाबाईंनी गुडघा वाकवला. आतून कटकट आवाज आला.

"तुटलं काहीतरी!" भागीरथाबाई किंचाळल्या.

"दुखलं का?"

त्यांनी गुडघा चाचपून पाहिला. "नाई."

"मग नुसत्या आवाजाला भिऊ नका. मांडीत जोर आलाय तुमच्या."

साधनाताईंचा दंड घट्ट धरून भागीरथाबाईंनी डोळे मिटले आणि पाय खाली सोडला. टाच जमिनीला लागली. गुडघा टिकला होता.

"पुन्हा एकदा?"

"भेव वाटूनच राहिलं मले," त्या म्हणाल्या. "पन उतरून पाहू. तुमी मले सोडू नका फक्त."