न जन्मलेल्या भावाची बायको

माझ्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या बापाला देज म्हणून द्यायची गुरं तिच्या गावी मीच हाकत नेली. भाऊ नव्हता. मेला नव्हता, जन्मलाच नव्हता.

आमच्या लेसोथोत सून घरात आली की सासरचे तिला होणाऱ्या मुलावरून नवं नाव देतात. माझी आई झाली मामोलेफी, म्हणजे मोलेफीची आई. मोलेफी आलाच नाही. मी आले, केनेवे. माझ्या पाठीवर कुणी नाही.

वडील या खोऱ्याचे राजे. शेवटची काही वर्षं ते अंथरुणातच होते. कुणाची गाय कुणाच्या मक्यात शिरली, कुठलं शेत कुणाला द्यायचं, सगळं मी ठरवायचे. नाव त्यांचं, डोकं माझं. हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. ते गेल्यावर घराण्याची सभा बसली आणि मी सरळ म्हणाले, "खुर्ची मला द्या."

वडिलांचे धाकटे भाऊ, सेखोबेकाका, हसले. "पोरी, कायद्यात मुलगा लिहिलंय. दाढी आली की ये."

"मग आईला कशी बसवताय?"

"ती विधवा. नवऱ्याच्या नावानं बसते. ती आहे तोवर जागा राखेल, पुढे माझा थाबांग."

"थाबांगला दारू उतरल्याशिवाय स्वतःचा घोडा ओळखू येत नाही!"

सभा खदखदून हसली. थाबांगसुद्धा हसला. हसून झालं, आणि कुणीच माझ्या बाजूनं बोललं नाही.

तेवढ्यात आई उठली. "थाबांग नाही. मी माझ्या मोलेफीला बायको करणार."

काकांचं हसू गेलं. रीत जुनी आहे, तिला नाही म्हणता येत नाही. नसलेल्या मुलाच्या नावानं सून आणायची. घराण्यातला कुणी पुरुष गुपचूप तिच्याकडे जातो. पोर मोलेफीचं. मुलगा झाला तर तो राजा.

"आई, मी इथे जिवंत बसलेय."

"दिसतंय मला. तू लग्न करून जाशील, तुझी पोरं दुसऱ्याची होतील. मोलेफी कुठे जात नाही."

जाणार कुठे तो मेला!

लिनेओ आली. एकोणीस वर्षांची, गरिबाघरची. पहिल्याच दिवशी तिनं मला हळूच विचारलं, "ताई, त्यांचा एखादा फोटो तरी आहे का?"

"नाही गं."

"बरंय. मारणार तरी नाहीत."

तिला दिवस गेले आणि माझ्या मनात एकच आशा राहिली. मुलगी होऊ दे. मग ही माणसं थकतील, माझ्याकडे बघतील. निवाडे तर अजून मीच करत होते.

ऐन थंडीत ती बाळंत झाली. मी अंगणात घोंगडी पांघरून दोन भावांचं कुरणावरचं भांडण ऐकत होते. बाळंतघरातून सुईण बादली घेऊन धावत आली. मुलगा झाला की आमच्या बायका बापाच्या पाठीत काठी घालतात, मुलगी झाली की त्याच्या अंगावर पाणी ओततात.

"बाप कुठाय?" तिनं इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "भाऊ तुझाच ना? घे!"

बर्फासारखं पाणी डोक्यावरून मानेत उतरलं.

"झालीस एकदाची पुरुष!" काका ओरडले. अंगण हसलं.

आई दारात आली. तिच्या चेहऱ्यावर थकवा शोधत मी तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "हरकत नाही. लिनेओ तरुण आहे. थोडी सावरू दे, मग पुन्हा बघू." नातीचं तोंडही न बघता ती चूल पेटवायला गेली.

माझे दात वाजत होते. कुरणवाल्यांपैकी थोरला अवघडून म्हणाला, "बाई, पुढचं सांगू, की उद्या येऊ?"

"सांग," मी म्हणाले.