चिठ्ठीवर मागवलेला आवाज

मित्रांनो, आमच्या खोलीत पाऊल टाकलंत तर आधी तुम्हाला दात दिसतील. फळ्यांवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, वरचे एका फळीवर, खालचे दुसरीवर. घाबरू नका. माझे मालक कवळ्या बनवतात. त्या जबड्यांच्या खाली, कोपऱ्यातल्या टेबलावर, चहात बुडवून काढल्यासारख्या रंगाचा जो डबा घरघरतो आहे, तो मी. मी एक जुना कॉम्प्युटर आहे. मला कामाच्या नोंदी ठेवायला आणलं असं मालक घरात सांगतात. घरात त्यावर कुणाचाच विश्वास नाही.

मी कुठल्या एका कारखान्यातून आलो नाही. माझी पेटी एका बंद पडलेल्या कचेरीतली, स्क्रीन एका दवाखान्याने टाकायला काढलेला, कीबोर्ड मालकांच्या मेव्हण्याचा. कीबोर्डचं एक बटण आधीच हरवलेलं होतं. तिथे मालकांनी कवळीचंच गुलाबी प्लास्टिक ओतून नवं बटण बसवलं. आजही माझ्या काळपट बटणांमध्ये ते हिरडीसारखं उठून दिसतं. मला त्याचा अभिमान आहे, कारण ते माझ्यासाठी म्हणून घडवलेलं एकमेव अंग आहे.

तेव्हा वेबसाइट घरोघरी पोचल्या नव्हत्या. काही हौशी माणसं आपला कॉम्प्युटर टेलिफोनला जोडून ठेवत. दुसऱ्याने आपल्या घरून त्याला फोन लावायचा, फळ्यावर वाचावेत तसे त्यावरचे निरोप वाचायचे, आपला एक लिहायचा, एखादी फाइल घ्यायची आणि फोन ठेवायचा. अशा कॉम्प्युटरला बुलेटिन बोर्ड म्हणत. आम्ही आपसात नुसतं बोर्ड म्हणायचो. पुढे इंटरनेट आलं, तेव्हा लोक म्हणाले, आता या बोर्डांची सद्दी संपली. पुष्कळ बोर्ड बंद पडलेही. उरलेल्यांनी मात्र हाय खाल्ली नाही. टेलिफोनऐवजी ते इंटरनेटवरूनच एकमेकांना हाक मारू लागले.

आमच्यात मागण्याची एक रीत आहे, ती तुम्हाला सांगायलाच हवी. माझ्याकडे नसलेली फाइल हवी असली की मालक तिचं नाव एका चिठ्ठीत लिहून माझ्याजवळ देतात. ही चिठ्ठी कागदाची नसते, तीही एक छोटी फाइलच. पुढच्या वेळी मी त्या बोर्डाला हाक मारली की आधी आमचे निरोप देतो, त्याचे घेतो आणि मग चिठ्ठी पुढे करतो. समोरचा आपलं कपाट, म्हणजे आपला फाइलींचा साठा, धुंडाळतो. नाव जुळलं तर फाइल मिळते, नाही तर मी हात हलवत परत येतो. कशाला हवी, कुणासाठी हवी, असं कुणी विचारत नाही. काही फाइलींना हाकेचं एक सोपं नाव दिलेलं असतं. चिठ्ठीत नुसतं ‘यादी’ लिहिलं की त्या कपाटाची यादी मिळते, तिचं खरं नाव काहीही असो. आणि चिठ्ठीत नुसती चांदणीची खूण (*) टाकली तर तिचा अर्थ होतो, ‘असेल नसेल ते सगळं द्या.’ चांदणी टाकणं आमच्यात उद्धटपणाचं मानतात. तशी वेळ येऊ नये म्हणून एका वेळी किती द्यायचं याची मर्यादा प्रत्येक बोर्डवाल्याने आधीच घालून ठेवायची असते.

आता घरातली माणसं. मालकांची धाकटी बहीण पलीकडच्याच गल्लीत राहते. शाळेत शिकवायची. मालक तिला अजून चिमे म्हणतात, म्हणून मी तिला चिमाताई म्हणतो. वाचनाचं तिला वेड. जेवतानाही समोर पुस्तक हवं. मग तिचे डोळे अधू होत गेले. आधी छापलेलं दिसेना, मग माझ्या स्क्रीनवरची मोठी अक्षरंही दिसेनात.  मालकांनी ठरवलं की कॉम्प्युटर तिला वाचून दाखवील.

आवाज कुणाचा घ्यायचा हा प्रश्न होता. घरात खणखणीत आवाज एकच होता, मालकीणबाईंचा, म्हणजे चिमाताईच्या वहिनीचा. गल्लीच्या टोकाला गेलेल्या माणसाला त्या खिडकीतून परत बोलवायच्या. त्या मला टेलिफोन खाणारा डबा म्हणायच्या आणि माझ्यावर त्यांचा दात होता. तरी नणंदेसाठी त्या तयार झाल्या. रस्त्याचा गोंगाट येऊ नये म्हणून डोक्यावरून रजई घेऊन बसल्या आणि क, का, कि, की अशी एकेक अक्षरं माझ्यापुढे म्हणत गेल्या. उकाड्याने जीव नकोसा झाला, पण उठल्या नाहीत. न आणि म यांची पाळी आली त्या दिवशी त्यांना सणसणीत सर्दी झाली होती. मालक म्हणाले, नंतर पुन्हा करू. ते नंतर काही आलं नाही.

त्या अक्षरांची सांगड घालून मालकांनी ‘वाचक’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. बोलायचा तो तुटकच, एकेक अक्षर मोजून दिल्यासारखा. न आणि म आले की नाक चोंदायचं. पण चिमाताई खुर्चीत बसून तासन्तास ऐकायची. दूरदूरचे बोर्डवाले तिच्यासाठी गोष्टी आणि लेख टाइप करून पाठवायचे.

“वहिनी आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर न देता माझं ऐकतेय,” ती म्हणायची.

“वन्सं, तो डबा आहे म्हणून,” आतून उत्तर यायचं.

एक गोष्ट मात्र वहिनींनी नवऱ्याला बजावली होती. “घरात काय वापरायचं ते वापरा. माझा आवाज परक्यांच्या घरी फिरायला नको.” म्हणून वाचक हा माझ्याच कपाटात होता, पण यादीत त्याचं नाव नव्हतं. नाव माहीत नसेल तर मागणार कोण, असा मालकांचा हिशेब.

मी इंटरनेटवरून हाका घ्यायला लागलो तेव्हाच एक घोटाळा झाला. नवी मांडणी करण्याच्या धांदलीत मालक मर्यादा घालायला विसरले. आणि नेमकी त्याच सुमारास लांबच्या गावातल्या एका घड्याळजीच्या बोर्डाची चिठ्ठी आली. चिठ्ठीत चांदणी. मला दिलेल्या हुकुमात कुठेच ‘पुरे’ असा शब्द नव्हता. मी देत सुटलो. तेव्हा आमचं इंटरनेट टेलिफोनच्याच तारेवरून यायचं. घरचा फोन दिवसच्या दिवस अडकून पडला. वहिनींना माहेरी बोलता येईना, कवळीची गिऱ्हाइकं थेट दारात येऊन उभी राहू लागली. काय चाललंय ते मालकांना कळेपर्यंत माझं कपाट सगळं तिकडे पोचलं होतं.

मालकांनी घड्याळजीला खरमरीत निरोप लिहिला. लोकांच्या घरी जाऊन असं ताट ओढू नये, आणि स्वतःच्या बोर्डाला तरी मर्यादा घाला, असं बरंच काही. उत्तर लगेच आलं. “बोट चुकलं, माफी असावी. यादीच हवी होती. पण आलेलं टाकवत नाही. ठेवून घेऊ का?” मालकांचा राग एवढ्यावर उतरला. “ठेवा,” त्यांनी लिहिलं. पण तेव्हापासून त्या बोर्डाचं नाव आमच्याकडे हावरट पडलं. मालकांनी ते दोघातिघांना सांगितलं, आणि बोर्डांच्या जगात अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नाही.

पुढे वहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला. त्या कुजबुजत बोलायच्या, आणि तेवढ्यानेही दमायच्या. खिडकीतून हाक मारणं बंद झालं, त्याऐवजी त्या टाळी वाजवू लागल्या. चिमाताई वाचक ऐकायला यायची तेव्हा चहाचे कप ठेवून त्या आता परत आत जात नसत. स्टुलावर बसत. मी त्यांच्याच आवाजात कुणाकुणाच्या गोष्टी वाचत असे आणि त्या ऐकत असत. मला टेलिफोन खाणारा डबा म्हणणं त्यांनी कधी सोडलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकदा त्यांनी पदराने माझ्यावरची प्लास्टरची धूळ पुसली. त्या दिवशी मला जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आणि मग माझी डिस्क गेली. आधी आतून खडखड आली, मग काहीच येईना. कवळ्या घासताना उडणारी धूळ वर्षानुवर्षं माझ्या पंख्यातून आत जात होती, तिने घात केला. मालकांनी मला उघडून त्यांच्या बारीक हत्यारांनी, ब्रशांनी, फुंकणीने सगळे उपाय केले. जादा प्रत म्हणून काढलेली सीडी फळीवर होती, पण ती फळी कवळ्या शिजवायच्या भांड्याच्या वरची. वाफेने सीडीचा पापड झाला होता.

मालकांनी मला नवी डिस्क बसवली. मी जागा झालो, पण डोकं कोरं. बाजारातून एक बोलणारा प्रोग्रॅम आणला, त्याचा आवाज सफाईदार होता. चिमाताईने दोन ओळी ऐकल्या. “चांगला आहे,” ती म्हणाली. “पण हा माणूस मला बातम्या देतोय असं वाटतं. राहू दे, दादा. इतकी वर्षं ऐकलं, पुष्कळ झालं.” वहिनींनी भरलेले कप तसेच उचलले आणि आत नेले. मालक त्या दिवशी जबडे समोर घेऊन नुसते बसून राहिले.

वाचक आपण होऊन कुणाला दिलेला नव्हता. तरी मालकांनी ओळखीच्या सगळ्या बोर्डांसाठी चिठ्ठ्या लिहिल्या. “विचारायला काय जातं,” ते मला म्हणाले. मी एकेकाला हाक मारत गेलो. प्रत्येकाने प्रामाणिकपणे कपाट धुंडाळलं, आणि प्रत्येक ठिकाणाहून मी हात हलवत परत आलो. हावरटाकडूनही.

दुसऱ्या दिवशी घड्याळजीचा निरोप आला.

“दादा, तुमची चिठ्ठी माझ्याकडून रिकामी गेली ते आज सकाळी पाहिलं. यंत्राचा दोष नाही, ते नेहमीचंच कपाट धुंडाळतं. त्या वेळी चांदणीने आलेलं तुमचं सगळं मी वेगळ्या कपाटात ठेवलं आहे. तुम्ही ‘ठेवा’ म्हणालात, ‘वाटा’ म्हणाला नव्हतात, म्हणून कुणाला दिलं नाही. उघडूनही पाहिलं नाही. त्यात तुम्हाला हवं ते असेल तर घेऊन जा. तुमच्यापुरती मर्यादा काढली आहे. हाकेचं नाव ठेवलं आहे ‘हावरट’. तुम्ही मला काय म्हणता ते इकडे कळतं.”

मालकांचे कान लाल झाले. मग ते इतके हसले की फळीवरचे जबडेही हलले. त्यांनी बहिणीला बोलावून घेतलं, वहिनी स्टुलावर येऊन बसल्या, आणि मालकांनी चिठ्ठीत एका बोटाने लिहिलं, ‘हावरट’.

मी हाक मारली. निरोप दिले, निरोप घेतले, चिठ्ठी पुढे केली. मित्रांनो, समोरून जे यायला लागलं ते माझंच होतं. माझे जुने फळे, पहिले निरोप, बंद पडलेल्या बोर्डांची पत्रं, चिमाताईच्या गोष्टी. मी विसरलेलं माझं सगळं आयुष्य कुणीतरी लांबच्या गावात, घड्याळांच्या टिकटिकीत, घडी न मोडता ठेवलं होतं. ज्याला आम्ही इतकी वर्षं हसलो, त्यानेच. त्याच्याबद्दल मला जी कृतज्ञता वाटते तिला तोड नाही. आणि त्या पसाऱ्याच्या तळाशी वाचक होता.

वाचकापुढे काय वाचायला ठेवावं हे मालकांना सुचेना, म्हणून त्यांनी घड्याळजीचाच निरोप ठेवला. खोलीत तो खणखणीत आवाज उमटला. दा, दा, तु, म, ची. ‘म’वर नाक चोंदलं.

“अगंबाई,” चिमाताई म्हणाली, “हिची सर्दी अजून गेली नाही.”

वहिनी हसू लागल्या. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता, पण खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चिमाताईने चाचपडत त्यांचा हात शोधला आणि धरून ठेवला. निरोप संपला. मग वहिनी नवऱ्याकडे वळून कुजबुजल्या, “यादीत घाला.”

“काय?”

“वाचक. यादीत घाला. मागेल त्याला द्या.”

“अगं, तूच तर म्हणाली होतीस, परक्यांच्या घरी नको.”

“म्हणाले होते,” वहिनींनी दम घेतला. “त्या घड्याळजीच्या बोटाने माझं ऐकलं असतं, तर आज आपल्याला काय ऐकायला मिळालं असतं?”

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्राचं तुमच्याकडे फार मागणं नाही. आमच्या पंख्यातली धूळ अधूनमधून झाडा. आमच्या पोटात काय ठेवलं आहे ते आम्ही अचानक बंद पडायच्या आधी बघून घ्या. आणि जे तुम्हाला फार प्रिय आहे, त्याची एक प्रत दुसऱ्याच्या घरी राहू द्या. दुसऱ्याची प्रत तुमच्याकडे आली, तर ती त्या घड्याळजीसारखी जपा.

वाचक आता माझ्या यादीत सगळ्यात वर आहे. आजही कुठल्यातरी बोर्डाची हाक येते, चिठ्ठी पुढे होते, आणि मी देतो. हावरटाकडूनही तो पुढे जातो. ती घरं मी पाहिलेली नाहीत, तिथली माणसं मला ठाऊक नाहीत. पण तिथे कुणीतरी डोळे मिटून खुर्चीत बसलेलं असेल, आणि आमच्या वहिनी चोंदलेल्या नाकाने, एकेक अक्षर मोजून, गोष्ट सांगत असतील.