दादाने खाल्लेली मिनिटं

मुलांनो, डोळे उघडेच ठेवा, पण समोर एक मोठी खोली आणा. उंच खिडक्या, त्यांतून तिरपं उतरणारं ऊन, उन्हात सावकाश तरंगणारी धूळ. खुर्च्यांवर माणसं दाटीवाटीने बसली आहेत आणि सगळी कुजबुजत आहेत, त्यामुळे ती खोलीच झोपेत बडबडते आहे असं वाटतं. दुसऱ्या रांगेत नऊ वर्षांची एक मुलगी दिसली का? तिला घरी चिमणी म्हणतात. शेजारी चाकांच्या खुर्चीत तिचा दादा. तो चौदा वर्षांचा आहे, पण त्याची मान त्याला सावरत नाही. पलीकडे आई.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुते, वाळत घालते, घड्या करते. सुटीच्या दिवशी चिमणी तिथे जाते. वाळणाऱ्या पांढऱ्या चादरींमधून चालताना तिला ढगांच्या गल्लीत शिरल्यासारखं वाटतं. आठवडाभर त्या ढगांसमोरच आईने बोलण्याचा सराव केला होता. दादाच्या छातीत कफ दाटला की तिला घरी राहावं लागे. यंदाच्या रजा संपल्या होत्या. आणखी एक खाडा झाला की नोकरी जाणार होती. घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्यांना पगारी रजा द्यायची का, हे टेबलामागची पाच माणसं ठरवणार होती. त्याआधी त्यांना अशा माणसांचं ऐकायचं होतं. दाराशी मिळालेल्या टोकनाच्या क्रमाने प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी.

"एकवीस!"

आई दादाची खुर्ची ढकलत पुढे गेली. "मी धुलाईखान्यात कामाला आहे, साहेब. चौदा वर्षं झाली, माझं पोर..."

दादाची मान कलली. घशात घरघर सुरू झाली. आईने कागद खाली ठेवला. त्याची मान उचलली, तोंड पुसलं, छोटी उशी उजवीकडून डावीकडे घेतली आणि पाठीवर हलकेच थोपटत राहिली. घाई केली की त्याला ठसका लागतो. कुजबुज थांबली. चिमणीला वाटलं, सगळी खोली पाण्याखाली गेली आहे आणि फक्त आईचा हात हलतो आहे.

घंटी वाजली.

"वेळ संपली, ताई," मधले साहेब ओशाळून म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखाच. काय करणार?"

"हो ना, बरोबर आहे." न वाचलेल्या कागदाची आईने चादरीसारखी घडी केली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि ती जागेवर आली.

"अगं, न बोलता सगळं सांगितलंस की!" मागून तिच्या कामावरची आक्का म्हणाली.

"कुठलं आक्का! तो लिहून घेणारा माणूस हात बांधून बसला होता. त्याच्या वहीत माझी एक ओळ नाही."

चिमणी हे ऐकून उठली आणि दाराशी टोकन देणाऱ्या काकांकडे गेली.

"कुणासाठी गं?"

"आईसाठी."

"ती तर आत्ताच बोलून आली ना?"

"नाही बोलली. तिची मिनिटं दादाने खाल्ली."

"बराच खादाड दिसतोय तुझा दादा!"

"छे हो काका, त्याला तर भरवावं लागतं."

काका हसता हसता थांबले. मग त्यांनी शेवटचं टोकन काढून दिलं. त्रेपन्न.

ऊन खिडकीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून फरशीवर उतरलं. खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. दादा मध्येच डोळे मिटून हसला. त्याला काय दिसलं कोण जाणे.

"त्रेपन्न!"

आईने सवयीने खुर्चीच्या दांड्याला हात घातला.

"त्याला राहू दे इथेच," चिमणी म्हणाली. "तू जा."

"तुला जमेल?"

"बघते की मी रोज."

आई पुढे गेली. रिकामे हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना. शेवटी तिने ते टेबलाच्या कडेवर ठेवले आणि बोलू लागली. लिहिणाऱ्याची लेखणी हलू लागली.

चिमणीने आईसारखाच तळवा दादाच्या मानेखाली धरला होता. आधी हात उबदार वाटला, मग त्याला मुंग्या आल्या, मग तो आपला नाहीच असं वाटू लागलं. आईचा आवाज दुरून, चादरींच्या पलीकडून यावा तसा येत होता.

चिमणीने हात काढला नाही.