पहिल्याच हाकेला

"मग आज सकाळी या बाई पहिल्याच हाकेला उठल्या कशा, साहेब?"

गिरणीच्या वकिलांनी हा प्रश्न विचारला आणि मागच्या बाकावर बसलेल्या भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं.

वकील न्यायाधीशांना सांगत होते, "यांचा दावा काय, तर आमच्या गिरणीतल्या मागांच्या आवाजाने वीस वर्षांत यांचे दोन्ही कान गेले. त्याची भरपाई पाहिजे. आणि पुकारा झाला रे झाला की बाई दारात हजर."

भोंग्याने शेजारच्या भाच्याचा टाय धरला. "कान?" तो कुजबुजला. भोंग्याचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं भांडण. पुढच्या तीन बाकांनी वळून पाहिलं. "दावा कानांचा आहे?"

"मामा, अकरा पानांचा कागद दिला होता तुम्हाला. पहिल्याच ओळीत लिहिलंय."

"कागद कोण वाचतो? मी हाक ऐकली होती."

भोंगा हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्याने याच कोर्टाच्या दारात उभं राहून दाव्यांचा पुकारा केला, त्या कमाईतलं हे नाव. एकदा म्हणे त्याने वादीला हाक मारली, तर पलीकडच्या रस्त्याने चाललेला, ज्याचा कसलाच दावा नव्हता असा एक गृहस्थही हजर झाला, आणि आल्यासारखा दंड भरून गेला. एका खटल्यात साक्षीदार वारल्याचा दाखला वकिलाने दिला होता. तो साक्षीदार तिसऱ्या हाकेला जिना चढून आला. या दोन्ही गोष्टी खऱ्या. तिसरी कुणाला पटत नाही, तेव्हा सांगण्यात अर्थ नाही.

एवढ्या वर्षांत भोंग्याने स्वतःचं एक शास्त्र बसवलं होतं. खरा माणूस पहिल्या हाकेला उठतो. दुसऱ्या हाकेला उठणाऱ्याला वकिलाने पढवलेलं असतं. आणि तिसऱ्या हाकेपर्यंत जागेला चिकटून राहतो तो लबाड. न्यायाधीशांना निकालापर्यंत जायला सात वर्षं लागत. भोंगा दारातूनच निकाल सांगे.

त्यामुळे तो निवृत्त झाल्यावर भाचा आपली योजना घेऊन आला, तेव्हा त्याला ती स्वतःसाठीच काढल्यासारखी वाटली. भाच्याची कंपनी इतरांचे दावे चालवायची. ज्याच्यावर अन्याय झाला पण वकिलाला द्यायला खिशात दमडी नाही, त्याचा वकील, डॉक्टर, कागदपत्रं, सगळा खर्च कंपनीचा. जिंकला तर भरपाईतला तिसरा हिस्सा कंपनीचा, म्हणजे त्या दाव्यावर पैसे लावणाऱ्यांचा. हरला तर लावलेले पैसे बुडाले. कुठल्या दाव्यावर लावायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं.

बाकीचे लोक कागद वाचून ठरवत. भोंगा जाऊन तीन दिवस कोर्टाच्या दारातल्या बाकावर बसला. त्याच्या जागी आलेल्या नव्या पुकाऱ्याचा आवाज दमट काडेपेटीसारखा. घासावा तेव्हा कुठे जरा पेटायचा. तरी तिसऱ्या दिवशी त्याने "चारशे बारा" म्हणताच, शब्द पुरता बाहेर पडायच्या आत एक बाई उठून उभी राहिली. भोंग्याने त्याच दुपारी सही केली. पैसे होते बायकोच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनचे. बायको समजत होती, ते बँकेत आहेत.

आणि आता त्याचंच शास्त्र गिरणीचा वकील त्याच्याच अंगावर फेकत होता.

बाईंची वकिलीण उभी राहिली. तरुण होती, पण घाबरली नव्हती. "मागांच्या खटखटाटात तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही, साहेब. सगळ्या बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलतात. माझ्या अशील आजही पुकाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसलेल्या होत्या."

"सांगायला सोपं आहे," गिरणीचे वकील म्हणाले. "कानांच्या तपासणीत ऐकू आलं की बटण दाबायचं. न दाबणं बाईंच्याच हातात होतं."

न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं. "जेवणानंतर निकाल देतो," म्हणाले आणि उठले.

बाहेरच्या ओसरीत भाचा त्याला कोपऱ्यात गाठून बोलला, "मामा, किती लावलेत?"

"तुझ्या मामीचे गुडघे."

"एक की दोन्ही?"

"दोन्ही."

भाचा भिंतीला टेकला. "मामीला माहीत आहे?"

"तू सांगितलंस तर तिसरं ऑपरेशन तुझं होईल."

बायको आताशा जिना उतरताना उलटी वळून, कठडा धरून, एकेक पायरी उतरायची आणि वर म्हणायची, हेच बरं, वर काय विसरलं ते उतरताना दिसतं. भोंग्याला ते आठवलं, आणि त्याला त्या बाईचा राग आला. ऐकू येत असेल तर सोंग कशाला? आणि येत नसेल, तर मरायला पहिल्या हाकेला उठायचं कशाला?

बाई खिडकीजवळच्या बाकावर दाराकडे पाठ करून डबा खात होती. ओसरीत चाळीसेक माणसं असतील. भोंगा तिच्या मागे चार पावलांवर जाऊन उभा राहिला. गळा साफ केला. निवृत्तीनंतर वापर नव्हता; गंज चढला असेल अशी त्याला धास्ती होती.

"दावा क्रमांक चारशे बारा, वादी हजर आहेत का?"

गंज बिंज काही नव्हता. ओसरीतली चाळीस माणसं उभी राहिली. भाचाही राहिला. खिडकीवरची कबुतरं एकदम उडाली. गिरणीच्या वकिलांच्या हातातला चहा त्यांच्याच फायलीवर सांडला, आणि तेही उभेच होते. आतल्या दालनाचं दार उघडलं. हातात चमचा आणि गळ्याला रुमाल अशा अवतारात खुद्द न्यायाधीश दारात आले. सवय, दुसरं काय.

एकटी बाई बसलेली होती. डब्याच्या झाकणावर सांडलेली शितं ती बोटाने एकेक करून टिपत होती.

भोंग्याचा जीव भांड्यात पडला. पाय असे हलके झाले की बायकोचे गुडघे आधी आपल्यालाच बसवले की काय असं त्याला वाटलं. खरी आहे बाई. बहिरी आहे, ठार बहिरी. आनंदाने त्याने भाच्याकडे पाहिलं, आणि पाहता पाहता त्याला उमगलं की आपण कशावर खूश झालोय. चौतीस वर्षांत त्याच्या हाकेला जागेला चिकटलेला लबाडही निदान दचकायचा. बाईची वाकलेली मान तशीच होती. शेवटचं शीत तिने तोंडात टाकलं.

समोरच्या काचेत उभ्या माणसांची हालचाल दिसली असावी. ती गर्रकन वळली. "माझा पुकारा झाला का?" तिने भोंग्याला विचारलं. तिचा आवाज गरजेपेक्षा बराच मोठा होता.

भोंग्याने तोंड उघडलं. मग आवाज आतच ठेवून नुसते ओठ हलवले. अजून नाही. सावकाश जेवा.

"बरं," ती म्हणाली आणि वळून बसली.

ओसरीतली हाक पुरावा म्हणून कायद्यात बसते की नाही ते कायदेपंडितांनी ठरवावं. एवढं खरं की जेवणानंतर गिरणीचे वकील ओली फाईल घेऊन उभे राहिले आणि "आणखी काही म्हणायचं नाही" म्हणून बसले. न्यायाधीशांनी कागदात डोकं खुपसून निकाल वाचला. वीस मिनिटं बाई त्यांच्या टकलाकडे पाहत होती. संपल्यावर वकिलीण भाच्याशी हस्तांदोलन करण्यात गुंतली, कारकून सह्या घेऊ लागला, आणि ज्या बाईचा दावा, तिलाच सांगायचं राहून गेलं.

भोंगा पुढे गेला. समोर उभा राहिला. जिंकलात, त्याचे ओठ म्हणाले.

तिने डोळे बारीक केले. "पुन्हा म्हणा."

तो पुन्हा म्हणाला. तिने बाकाच्या कडेला हात टेकला.

"तुमचं बोलणं फार स्वच्छ आहे," मग ती म्हणाली. "त्या दारातल्या माणसाचं तोंड नीट उघडतच नाही. तुम्ही कोण पण?"

या दाव्यावर माझे पैसे होते.

"म्हणजे माझ्या कानांवर पैसे लावलेत?"

भोंग्याने मान हलवली. हो म्हणताना ती खाली घालायलाही सोयीची होती.

"नवऱ्याने कधी माझ्यावर चार आणे लावले नाहीत," बाई म्हणाली. "किती होते?"

बायकोच्या दोन गुडघ्यांइतके.

ती हसली, इतकी मोठ्याने की कारकुनाची सही वाकडी झाली. "घ्या मग. माझ्या कानांवर कुणीतरी चालेल तरी."

चार वाजता ती कोर्टाच्या पायऱ्या उतरून एकटीच निघाली. वकिलीण गाडीतून सोडते म्हणाली होती. बाई नको म्हणाली, जवळच राहते. भोंगा वरच्या पायरीवर उभा राहून पाहत होता. रस्ता वाहता होता. एक ट्रक वळणावरून येताना दिसला तसा त्याचा हात आपसूक तोंडाकडे गेला, हाक मारायला. अर्ध्यावर तो थांबला, आणि त्याने हात खाली घेतला.

बाई कडेला उभी होती. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग घराला कुलूप घातल्यावर ते पुन्हा एकदा ओढून पाहावं, तशी ती अख्खी वळली आणि मागे पाहिलं. ट्रक गेला. तिने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि रस्ता ओलांडला.