चिंधीखालचा आकडा

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानात बटणांच्या डब्यात पडलेला मी एक जुना मनगटी पट्टा आहे. लोक मला घड्याळ म्हणतात आणि मी ते चालवून घेतो. पण वेळ सांगणे हे माझे खरे काम नव्हे. माझ्या पोटाखाली एक हिरवा दिवा आहे. तो मनगटाच्या कातडीतून आत डोकावतो आणि रक्ताची एकेक उसळी टिपतो. त्यावरून मी हृदयाचे ठोके मोजतो. या कामात मी वस्ताद आहे आणि हे सांगताना मी लाजणार नाही. लाज वाटते ती माझ्या दुसऱ्या कामाची.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. तिथे सगळे डोक्याला टोपी आणि हाताला मोजे घालून काम करत. एका तपासनीस बाईंनी मला मनगटावर बांधले, गळ्याजवळ बोट ठेवून स्वतःची नाडी मोजली आणि माझा आकडा पाहून मान डोलावली. मग त्यांनी शेजारच्या इंजिनिअरला विचारले, "आणि हा खालचा, कॅलरीचा आकडा? तो कशाशी ताडून बघू?"

"तो नाही ताडायचा," इंजिनिअर म्हणाला. "वय, वजन आणि ठोके यांच्यावरून बांधलेला अडाखा आहे तो. कधी पावपट चुकेल, कधी निम्म्याने."

"मग आकड्याच्या आधी 'अंदाजे' लिहा की."

"लिहिलं होतं. पडद्यावर मावेना, म्हणून काढलं."

बाईंनी खांदे उडवले आणि मला खोक्यात ठेवले. केवढासा तो शब्द. तो माझ्यासोबत आला असता तर आज तुमच्यापुढे हे रडगाणे गायची वेळ आली नसती.

मला एका मुलीने विकत घेतले. ती दूरच्या शहरात नोकरी करत होती. तिचे वडील शिंपी होते आणि सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांचे वजन वाढले होते, जिना चढताना धाप लागत होती आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. मुलगी सुटीत घरी आली. तिने माझ्यात वडिलांचे वय, उंची आणि वजन भरले आणि चालताना हृदय किती वेगाने धडधडायला हवे याच्या दोन रेषा आखून दिल्या. ठोके खालच्या रेषेखाली गेले की मी थरथरून 'वेग वाढवा' म्हणायचे. दोन रेषांच्या मध्ये राहिले की 'शाब्बास, असेच चालू ठेवा' म्हणायचे. भिंतींना नुसते कान असतात. मला तोंडही मिळाले होते, पण त्यात वाक्ये दोनच.

"बाबा, हा खालचा आकडा म्हणजे चालून जाळलेल्या कॅलरी," तिने समजावले. "जेवढं जाळाल तेवढं खायला मोकळे."

मास्तरांना हे फार पटले. त्यांचा जन्मच मापात गेला होता. गिऱ्हाईक आरशासमोर उभे राहून श्वास रोखून पोट आत घेई, तेव्हा मास्तर टेप धरून शांतपणे थांबत. "सोडा सावकाश," ते म्हणत. "टेपला काही घाई नाही." टेप खोटे बोलत नाही हे त्यांचे आवडते वाक्य होते. माझ्याकडेही ते त्याच विश्वासाने पाहू लागले, आणि मी आपला फुशारून गेलो.

त्या दुकानात मी एक गोष्ट शिकलो, ती तुम्हाला सांगायला हवी. शिंपी कापड कधीही शिवणीच्या रेघेवर कापत नाही. आधी शिवणीची रेघ, मग तिच्या बाहेर दोन बोटे सोडून कापायची रेघ. मधल्या त्या जादा कापडाला 'माया' म्हणतात. माणूस पुढे जाड झाला, की शिवण उसवून त्याच मायेतून कपडा सैल करता येतो. मास्तरांच्या हातची माया सढळ असे. "माणसाचं अंग आहे," ते म्हणत, "आज आहे तसं उद्या थोडंच राहणार आहे?" त्यांच्या पत्नी शेजारी बसून काजे-बटणे आणि हातशिलाई करत. त्यांना सगळे काकू म्हणत. काकू हसून पुस्ती जोडत, "गिऱ्हाइकांवर एवढी माया, आणि बायकोला साधा नवा अडकित्ता आणून देत नाहीत." दोघांचे असे चालायचे.

पहिले दिवस सुखाचे होते. मास्तर रोज सकाळी टेकडीचा चढ चढून येत. मी 'शाब्बास' म्हणे. घरी आल्यावर ते आधी माझ्याकडे बघत आणि मग ताटाकडे. आकडा मोठा असला तर एक वाढ जास्त, लहान असला तर वाढलेले परत पातेल्यात.

"घड्याळाला विचारून जेवणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय," काकू म्हणाल्या.

"कमाई तेवढाच खर्च," मास्तर म्हणाले.

त्यांचे वजन उतरले, धाप कमी झाली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते मनगट पुढे करून मला दाखवत. ठोक्यांबद्दल कुणी विचारत नसे. सगळे कौतुक त्या खालच्या आकड्याचे. उचलली जीभ लावली टाळ्याला असे ज्याचे बोलणे, त्यालाच हार घालावेत तसे चालले होते. मला ओशाळे वाटे, पण बोलणार कसे?

मग एक दिवस मास्तरांच्या छातीत फडफडायला लागले. डॉक्टरांनी एक लहानशी गोळी लिहून दिली. "ही हृदयाला लगाम घालते," ते म्हणाले. "ठोके आता कमीच पडतील. घाबरू नका." मास्तर घाबरले नाहीत. काकूंनी रोज न्याहारीनंतर गोळी द्यायला सुरुवात केली. मित्रांनो, मी त्या वेळी मनगटावरच होतो. मीही ऐकले. पण माझ्यातल्या दोन रेषा बदलायला माणसाचे बोट लागते, आणि ते कुणाला सुचले नाही.

दुसऱ्या दिवसापासून सगळे बिघडले. टेकडी तीच, चढ तोच, सदराही तसाच घामाने भिजलेला. पाय पूर्वीइतकेच राबत होते. फक्त हृदय लगाम लावल्यासारखे संथ चालत होते. मला पाय दिसत नाहीत. मला फक्त ठोके कळतात. ठोके कमी म्हणजे मेहनत कमी, एवढीच माझी अक्कल. मी चढभर 'वेग वाढवा, वेग वाढवा' म्हणत राहिलो आणि खाली आल्यावर निम्माच आकडा दाखवला.

मास्तरांनी आकडा दोनदा वाचला. मग त्यांनी निम्मे ताट परत केले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "अगं, हल्ली निम्मंच जळतंय," मास्तर म्हणाले.

"बाबा, चढावर टंगळमंगळ करत असाल," ती हसली. "घड्याळ कशाला खोटं बोलेल?"

ती चेष्टेत बोलली होती. पण मास्तरांनी ते मनाला लावून घेतले. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी कामचुकार म्हटले नव्हते. ते आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा टेकडीवर जाऊ लागले. दूध बंद झाले, मग रात्रीचे जेवण नावापुरते उरले. काकू वाढायला आल्या की ते ताटावर हात धरत. "अहो, गाल बसलेत तुमचे," त्या म्हणत. मास्तर मला पुढे करत. "हे बघ. मी म्हणत नाहीये, हे म्हणतंय."

हे ऐकले की मला बंद पडावेसे वाटे. पण पट्ट्याला मनासारखे बंदही पडता येत नाही. काकू बिचाऱ्या रोज मला चार्जिंगला लावत आणि सकाळी मी पुन्हा ताजातवाना होऊन त्यांच्याच नवऱ्याच्या तोंडचा घास काढी.

टेपही माझ्या बाजूने बोलू लागला. मास्तरांची कंबर आकसत होती आणि ते स्वतःच्या विजारी आत घेताना शीळ घालत. पण मनगटावर असल्यामुळे मला दुसरेही कळत होते. सुईत दोरा आता काकू ओवून देत. बोलताना मास्तर मध्येच थांबत आणि टेबलाची कड धरत.

अशात एका वकीलसाहेबांनी कोटासाठी कापड आणले. जाड लोकरी कापड होते, आता बाजारात न मिळणारे, वर्षानुवर्षे जपून ठेवलेले. मास्तरांनी ते टेबलावर पसरले, हाताने सारखे केले, खडूने रेघ आखली आणि कात्री चालवली. त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हते.

काकूंनी कापलेला तुकडा उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "माया कुठंय?"

मास्तरांनी शिवणीच्या रेघेवरच कापले होते. बाहेरची रेघ आखायची राहूनच गेली होती. शिवायला कडच न उरल्याने तो कोट आता वकीलसाहेबांना बसणार नव्हता.

मास्तरांनी कात्री ठेवली, चपला घातल्या. काकू दारात आडव्या आल्या. "आधी दोन घास खा. मग कुठं जायचं ते जा."

"येतो जाऊन," ते म्हणाले. "एक तरी माप आज बरोबर येऊ दे."

चढाच्या पायथ्याशी त्यांनी चाल मोजायचे माझे बटण दाबले. अर्ध्या वाटेवर ते दम घ्यायला थांबले. मी 'वेग वाढवा' म्हणालो. त्यांनी वेग वाढवला. थोड्या अंतरावर ते कोसळले, आणि पडताना आधाराला उजवा हात पुढे केला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी डाव्या मनगटावर होतो, मला ओरखडाही उठला नाही. मास्तर रस्त्यावर निपचित पडले होते, ठोके खाली खाली जात होते, आणि मी थरथरून सांगत होतो, 'वेग वाढवा.' मला दुसरे काही येतच नव्हते. शिडी घेऊन चाललेला एक रंगारी धावत आला. त्याने नाडी बघायला मनगट उचलले, माझे वाक्य वाचले आणि मला एक सणसणीत शिवी दिली. ती मी अजून विसरलेलो नाही.

दवाखान्यात नर्सने मला सोडवून काकूंच्या हातात दिले. हरवू नये म्हणून काकूंनी मला स्वतःच्या मनगटावर बांधले आणि त्या बंद दारासमोरच्या खुर्चीत बसल्या. माझे बटण बंद करायचे कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. काकूंच्या तोंडचे पाणी पळाले होते. बसल्या जागी त्यांचे हृदय असे धावत होते, की तसे मास्तरांचे चढावरही कधी धावले नव्हते. मी मास्तरांचे वय धरले, मास्तरांचे वजन धरले आणि भराभर आकडा चढवू लागलो. मग थरथरलो. 'शाब्बास, असेच चालू ठेवा.'

काकूंनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी ते वाक्य वाचले, मग त्याखालचा आकडा.

डॉक्टर बाहेर आले. "शुद्धीवर आलेत. पोटात अन्न नाही, वरून गोळी, त्यात चढ. आणखी काय होणार? मनगट मात्र वाईट मोडलंय."

काकूंनी हात पुढे केला. "डॉक्टर, मी या खुर्चीतून हललेली नाही. हे म्हणतंय मी टेकडी चढून आले. त्यांना मात्र रोज चढूनसुद्धा हे म्हणायचं, तुम्ही काही केलंच नाही."

डॉक्टरांनी मला वाचले आणि कपाळाला हात लावला. "याला ठोके कळतात हो. ते भीतीने वाढले की चालण्याने, हे कळत नाही. आणि त्या गोळीने ठोके दाबून धरलेत, हे याला कुणी सांगितलं? खालचा आकडा नुसता अंदाज आहे."

तो शब्द मी जन्मानंतर पहिल्यांदाच पुन्हा ऐकला. फार उशिरा ऐकला.

काकू आत गेल्या. मास्तरांचा हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला होता. काकू रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, परक्याच्या सदऱ्यालासुद्धा तुम्ही दोन बोटं माया ठेवता. स्वतःच्या पोटाला का नाही ठेवली?"



हाड सांधले, पण बोटे आखडली ती आखडलीच. कात्रीच्या कड्यात ती आता शिरत नाहीत. हल्ली काकू कापतात आणि मास्तर डाव्या हाताने बटणे निवडून देतात. वकीलसाहेब चांगले माणूस. काही न बोलता उरलेले कापड घडी करून घेऊन गेले. ते काही बोलले असते तर मास्तरांना बरे वाटले असते. मुलगी धावत आली, हमसून रडली आणि मला कचऱ्यात टाकायला निघाली. काकूंनी तिच्या हातातून मला काढून घेतले.

त्यांनी कोटाच्या त्या वाया गेलेल्या कापडाची एक चिंधी कापली आणि माझ्या पडद्याच्या खालच्या अर्ध्यावर डिंकाने चिकटवली. आता दुपारी जेवून मास्तर आडवे झाले, की काकू मला डब्यातून काढतात आणि हळूच त्यांच्या मनगटावर बांधतात. वरचा आकडा बघतात. ठोके चालू आहेत एवढे पाहिले की पुन्हा कापायला बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला ठोके जरूर विचारा. पण कुणाची गोळी बदलली, वजन बदलले, पट्टा एकाचा दुसऱ्याने घातला, तर ते त्याला सांगा. आम्हाला आपणहून काही कळत नाही. आणि ताटात किती वाढायचे हे आम्हाला विचारू नका. आकड्याला माया ठेवता येत नाही, ती तुम्हालाच ठेवावी लागते.

आता दुपार आहे. मास्तर झोपले आहेत, पोटभर जेवून. वर मी त्यांचे ठोके बरोबर दाखवतो आहे. आणि चिंधीखाली तो दुसरा आकडाही मोजतोच आहे. तो मला थांबवता येत नाही.