फोटोतलं दार

मी मिरजगावच्या अलीकडच्या एका शाळेतला संगणक बोलतोय. शाळेचं नाव विचारू नका. माझी कहाणी ऐकली की ते का लपवतोय हे कळेल.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. डोळे उघडले ते रशीदभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात. वाढदिवस, निवड, दशक्रिया, सगळ्यांचे फ्लेक्स माझ्यावरच बनायचे. भाईंनी माझ्याकडून कितीतरी टकलं झाकली, पोटं आत घेतली. जन्मभर बंडीत वावरलेल्या म्हाताऱ्यांना वारल्यावर सुटाबुटात बसवलं. घरचे लोक फोटो बघून डोळे पुसायचे आणि म्हणायचे, "व्हय, आमचे आबाच हायेत." त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

नवं मशीन आल्यावर भाईंनी मला शाळेला देऊन टाकलं. तिथला माझा थाट काय विचारता. हार घातला, नारळ फोडला आणि "पोरं मोडतील" म्हणून अंगावर कापड टाकून खोलीला कुलूप लावलं. खंडेनवमीला हळदकुंकू, मग पुन्हा वर्षभर अंधार. देव्हाऱ्यातल्या देवाला निदान रोज आंघोळ तरी असते.

मग चित्रकलेच्या सत्यशीला मॅडम बदलून आल्या. त्यांनी खोलीची किल्ली मागून घेतली ती परत दिलीच नाही. आठवी-नववीची मुलं माझ्यासमोर दाटीवाटीनं बसू लागली. मॅडम त्यांना पडद्यावर चित्र काढायला शिकवायच्या, फोटो दुरुस्त करायला शिकवायच्या. एका जागचा तुकडा उचलून दुसरीकडे बेमालूम कसा बसवायचा, सावली कुठल्या बाजूला पाडायची, सगळं नीट समजावून सांगायच्या. पोरांनी पहिल्या दिवशी काय करावं? जो तो आपलं तोंड गोरं करत सुटला. मॅडम म्हणाल्या, "अरे, घरी गेल्यावर आई ओळखायची नाही तुम्हाला."

सगळ्यांत नववीतल्या धनश्रीचा हात वेगळा होता. कडुनिंबाच्या फोटोतून तिनं विजेच्या तारा अशा काढल्या की तिथं तारा होत्या हे मीही विसरलो. फार जीव होता माझा तिच्यावर.

आता दुखरी गोष्ट. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार वळवाच्या वाऱ्यात उखडून पडलं होतं. चौकटीला एक जुना फ्लेक्स बांधला होता. एक मुलगी आत गेली की दुसरीनं तो बाहेरून धरून ठेवायचा. फ्लेक्सवरचा पुढारी आतल्या बाजूला बघत नव्हता, एवढीच काय ती सोय.

एके दिवशी तालुक्याहून निरोप आला, शाळेच्या स्वच्छतेचे फोटो संध्याकाळपर्यंत पाठवा. मॅडम प्रशिक्षणासाठी नगरला गेल्या होत्या. मुख्याध्यापक काकासाहेब सर माणूस वाईट नाहीत, पण वरून फोन आला की त्यांची गाळण उडते. त्यांनी धनश्रीला बोलावलं.

"बाळा, या फोटोत दार बसवता येईल का? खरं दार येनारच हाय. आपण फक्त आधी दाखवतोय."

धनश्री हरखली. तिनं ऑफिसच्या दाराचा फोटो काढला, कापला, लहान करून चौकटीत बसवला. सावली पाडली. कडीसुद्धा लावली. तिची मैत्रीण निकिता शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "आतून बी कडी लाव की गं." सगळे हसले.

फोटो गेला. शाळेला प्रमाणपत्र आलं. दारांची मंजुरी आली ती मात्र दुसऱ्या शाळांना. मॅडम तालुक्याला विचारायला गेल्या, तर तिथल्या साहेबांनी तोच फोटो पुढं ठेवला. "तुमच्याकडं दार हाय की मॅडम. चांगलं कडीचं हाय."

परत आल्यावर मॅडम कुणावर ओरडल्या नाहीत. धनश्रीला जवळ बसवून म्हणाल्या, "दार कसं बसवायचं ते मी शिकवलं. कुठं बसवायचं नाही, ते सांगायचं राहून गेलं." धनश्री मान खाली घालून बसली. मला तिच्याकडे बघवेना.

मग एका दुपारी निकिता आत असताना वाऱ्यानं फ्लेक्स उडाला. धरणारीच्या हातून तो निसटला आणि समोर पोरं खेळत होती. दुसऱ्या दिवसापासून निकिता शाळेत आली नाही. तिचे वडील सरांना सांगून गेले, "दार बसलं की पाठवतो. न्हाईतर तिचं बघावं लागंल." बघणं म्हणजे स्थळ, हे नववीतल्या पोरींनाही कळतं.

आज धनश्रीनं उघड्या चौकटीचा फोटो काढून आणला. त्यात काडीचाही बदल केला नाही. खाली लिहिलं, "आधीच्या फोटोतलं दार मी बनवलेलं आहे. खरं दार नाही." त्याखाली स्वतःचं नाव घातलं. मॅडमनीही आपलं नाव घातलं. पण तालुक्याला काही पाठवायचं तर ते सरांच्याच हातून जातं.

सर माझ्यासमोर बसले. वाचलं, पुन्हा वाचलं. "हे गेलं तर माझी चौकशी लागंल, पोरी. निवृत्ती तोंडावर आलीय."

"सर, उद्या निकिताला बघायला पाव्हणे येनार हायेत," धनश्री म्हणाली. "हे पाठवलं एवढं जरी दाखवलं, तरी तिचे आप्पा थांबतो म्हनालेत."

शाळा सुटली, मैदान रिकामं झालं, तरी सर तसेच बसले आहेत. हात माऊसवर आहे. मॅडम भिंतीला टेकून उभ्या आहेत. धनश्री दप्तर पाठीला लावून थांबली आहे.

सर, मला स्वतःहून काही पाठवता येत नाही, नाहीतर केव्हाच पाठवलं असतं. चौकशी होईल, चार लोक बोलतील, मलाही तुमचं वाईट वाटेल. पण त्यातून तुम्ही बाहेर पडाल. निकिता पंधरा वर्षांची आहे.

आज शनिवार आहे, सर. उद्या रविवारी पाव्हणे येतील. दाबा.